तीनची शेवटची लाँच

इलिआस काराम्पेलास आपल्या सासूबाईंशी उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही फक्त दोन शब्द. "नुसते दगड."

सकाळचे साडेआठ वाजले होते. जहाजाची खोली एवढीशी, की तिघांपैकी एकानं बूट घालायचे तर उरलेल्या दोघांनी बिछान्यावर पाय वर घेऊन बसायचं. सासूबाई, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या स्तामाता, तशाच पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी जावयाला उदंड आयुष्य चिंतलं, कारण तारीख होती वीस जुलै. हा संत इलिआसचा दिवस, म्हणजे यच्चयावत इलिआसांचा सण. मग खिडकीच्या गोल काचेतून समोरच्या बेटाकडे बघत त्या म्हणाल्या, "तुझ्या नावाची मेणबत्ती लावायला हवी रे बाळा. त्या डोंगरावर चर्च आहे का?"

"छे हो आई. वर नुसते दगड."

आता ग्रीसमध्ये डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर संत इलिआसचं चर्च नाही, असं कधी होत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण माहितीपुस्तकात 'चारशे बारा पायऱ्या' असं छापलं होतं, आणि सासूबाई लारिसातल्या स्वतःच्या घराच्या सहा पायऱ्या चढताना दोनदा टेकत. त्यात बाई घाबरट. चौऱ्याऐंशी वर्षांत एकटीनं बसमध्येसुद्धा पाऊल ठेवलेलं नाही. आधी बाप, मग नवरा, मग लेक-जावई, हात धरायला कुणी ना कुणी असायचंच. तेव्हा असं ठरलं की आईनं खोलीतच बसायचं, कुणालाही दार उघडायचं नाही, आणि इलिआस आणि त्याची बायको पोलिक्सेनी एक वाजेपर्यंत परत येणार म्हणजे येणार.

खरं तर ही सहल आईसाठीच होती. जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी स्मिर्नाला लागायचं होतं. समोरच्या तुर्की किनाऱ्यावरच्या त्या शहरात स्तामाताची आई जन्मली होती, आणि आठ वर्षांची असताना युद्धात शहर पेटलं, तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी पळून इकडे आली होती. तिथल्या गल्लीचं नाव, अंगणातली तुती, शेजारच्या भटारखान्यातलं एका डोळ्याचं मांजर, सगळं स्तामाताला ऐकून ऐकून पाठ. पाहिलेलं मात्र काहीच नाही. "एकदा तिथं उभी राहून येईन," एवढंच त्या वीस वर्षं म्हणत होत्या, आणि घरचे वीस वर्षं "पुढच्या वर्षी" म्हणत होते. यंदा डॉक्टरांनी पोलिक्सेनीला बाजूला घेऊन सांगितलं, नेणार असाल तर आताच न्या. वाटेत एका बेटावर सहा तास मुक्काम होता हा केवळ योगायोग. बेटाचं नाव सांगत नाही. तिथल्या दोन माणसांना वाईट वाटेल.

इलिआसची नजर मात्र पहिल्या दिवसापासून त्या सहा तासांवर होती. त्यानं भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं काढली होती. निम्म्या जिल्ह्याच्या हद्दी त्यानं मोजल्या, आणि उरलेल्या निम्म्यांवरून लोकांची डोकी फुटताना पाहिली. निवृत्तीच्या दिवशी त्याच्या जागी आलेला तरुण अधिकारी भाषणात म्हणाला, "आता उपग्रह आहेत. दगड बघायला जायची गरज नाही." सगळं कार्यालय हसलं. इलिआसही हसला, पण ते हसू त्याला पुढे तीन महिने पचलं नाही. आणि या बेटावरच्या डोंगरावर, पुरातन मंदिराच्या पडक्या अवशेषांत, एक हद्दीचा दगड होता. चोवीसशे वर्षांपूर्वीचा, अजून जागचा न हललेला. त्यावर कोरलं होतं, 'मी हद्द आहे. मला हलवू नये.' त्या दगडाशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि तो कोणतीही टिप्पणी न करता जुन्या कार्यालयाला पाठवायचा, एवढीच इलिआसची मनीषा होती.

निघण्यापूर्वी लारिसात सल्ल्यांचा पाऊस पडला होता. औषधवाल्यानं सांगितलं, खिशात मीठ ठेव. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल म्हणाले, पायऱ्या मोजत चढ, दम लागत नाही. न्हावी म्हणाला, "ग्रीक जहाज कधी वेळेवर सुटलंय? निवांत फिरा." हा न्हावी जन्मात लारिसाबाहेर गेला नव्हता.

जहाज बेटापासून दूर नांगर टाकून उभं होतं, आणि माणसांची ने-आण बेटावरच्या लाँचा करत होत्या. शेवटची लाँच धक्क्यावरून तीनला, जहाज साडेतीनला. हे कर्ण्यावरून तीन भाषांत तीनदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी, "जहाज कुणासाठीही थांबत नाही." पोलिक्सेनीनं तेव्हापासून घड्याळावरची नजर काढली नाही.

"आई पाणी पिईल ना रे?"

"बाटली उशाशी ठेवलीय."

"आणि घाबरली तर?"

"कशाला घाबरेल? दार बंद आहे."

"बंद दारालाच घाबरते ती."

लाँचसाठी नंबर लागेपर्यंत साडेदहा वाजले, आणि धक्क्यावर बेटाची एकुलती एक टॅक्सी नव्हती. सकाळपासून ती कढया वाहते आहे, असं कुणीसं सांगितलं. कसल्या कढया, हे विचारायचं इलिआसला सुचलं नाही. सुचलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण घाईतला माणूस नको ते विचारतो आणि हवं ते विसरतो. त्यानं विचारलं, पायऱ्या कुठून सुरू होतात.

कर्नलच्या सल्ल्याप्रमाणे त्यानं पायऱ्या मोजल्या. दम लागायचा तो लागलाच, वर आकडाही दोनदा चुकला. तीनशेव्या पायरीवर पोलिक्सेनी बसली आणि जहाजाकडे बघून म्हणाली, "आपली खिडकी कुठली?" तिथून सगळ्या खिडक्या मोहरीएवढ्या दिसत होत्या. इलिआसनं उगाच एका मोहरीकडे बोट दाखवलं. तिनं त्या दिशेनं हात हलवला.

फाटकाशी पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. तिकीटखिडकीत सारांदिस नावाचा पहारेकरी टोपीनं वारा घेत बसला होता.

"बाराला बंद," तो म्हणाला. "उन्हामुळे. वरून हुकूम आलाय. पाचला उघडेल."

"अजून पाव तास आहे."

"शेवटचं तिकीट साडेअकराला. तेही हुकुमात आहे."

इलिआसनं चष्मा लावून काचेवर चिकटवलेला हुकूम पूर्ण वाचला. जगात त्याला शांत करणाऱ्या फार थोड्या गोष्टी होत्या, त्यांपैकी ही एक. मग तो समाधानानं म्हणाला, "यावर जावक क्रमांक नाही."

"असता तर उघडलं असतं का?"

क्रमांक असता तर उलट जास्तच बंद झालं असतं. त्यानं शेवटचं हत्यार म्हणून निवृत्तीचं ओळखपत्र पुढे केलं. सारांदिसनं ते वाचलं आणि टोपी खाली ठेवली.

"इलिआस? आज? आणि बाहेरगावचा?" तो उठून उभाच राहिला. "अहो साहेब, मग पर्यटक म्हणून कशाला येता, यात्रेकरू म्हणून या की. चर्च कुंपणाच्या आत आहे, आज जत्रा आहे. हुकूम फक्त पर्यटकांना. यात्रेकरूंना ऊन लागत नाही असं सरकारचं मत आहे."

"चर्च आहे वर," पोलिक्सेनी नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "तू आईला दगड म्हणालास."

"दगडही आहेत," इलिआस म्हणाला.

होते, दगडही होते. मंदिराचे सहा खांब उभे होते, बाकीचे आडवे होते, आणि आडव्यांवर गाव बसलं होतं. तीन कढयांत बोकड आणि हरभरे शिजत होते. चर्चपुढच्या अंगणात लांबच लांब टेबल मांडलं होतं, आणि त्याचा एक पाय तोकडा असल्यानं ते कोपऱ्यात एका दगडावर टेकवलं होतं. टेबलावरचं प्लॅस्टिक वर सारून इलिआसनं वाकून पाहिलं. 'मी हद्द आहे. मला हलवू' एवढं वाचता आलं. 'नये'वर कांद्यांची टोपली होती.

"टेबल जरा हलवता येईल का?" त्यानं विचारलं. पण तेवढ्यात सारांदिस त्याचा दंड धरून ओरडला, "मंडळी, बाहेरगावचा इलिआस मिळाला."

झालं होतं असं. संताच्या दिवशी पाच पाव आशीर्वादासाठी ताटात ठेवतात, आणि या बेटावर ते ताट पाद्र्यापुढे धरायचा मान इलिआस नावाच्या माणसाचा. बेटावर इलिआस दोनच. एक शेळ्यावाला, दुसरा पाववाला. डोंगराखालच्या कुरणाच्या हद्दीवरून दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. एकानं ताट धरलं तर दुसरा जेवण सोडून जायचा, म्हणून तीन वर्षं ताट खुर्चीवर ठेवावं लागत होतं. गावाला वाटायचं, त्यामुळेच पाऊस कमी झालाय. आता तिसरा इलिआस चालून आला होता.

"दहा मिनिटांचं काम," सारांदिस म्हणाला. "फादर आले की लगेच. ते पलीकडच्या डोंगरावर आहेत. डोंगर दोन, पाद्री एक."

"इलिआस, आपल्याला एकला परत जायचंय," पोलिक्सेनी म्हणाली.

"ताट धरायचं पाप कोण नाकारतो गं? म्हणजे पुण्य," इलिआस म्हणाला. ताण आला की तो असंच काहीबाही बोलत असे.

पाहुण्याच्या हातात राकीचा, म्हणजे तिथल्या कडक दारूचा, पेला आला. शेळ्यावाला इलिआस एका बाजूला बसला, पाववाला दुसऱ्या, आणि दोघंही फक्त पाहुण्याशी बोलू लागले. शेळ्यावाल्यानं सहज विचारलं, साहेब काय करता. इथं इलिआसनं 'शिक्षक' म्हटलं असतं, 'शिंपी' म्हटलं असतं, काहीही चाललं असतं. तो म्हणाला, "भूमी अभिलेख. एकतीस वर्षं." असा त्यानं स्वतःच्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही चोवीसशे वर्षांचा.

दोघांनी एकाच वेळी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. कागद निघाले. घामानं पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, शिक्क्यांनी भरलेले. इलिआसनं मान फिरवायचा प्रयत्न केला, पण शेळ्यावाल्याच्या नकाशावर उत्तर दिशा खाली काढली होती. अशा नकाशापुढे माणूस म्हणून गप्प बसता येतं, अधिकारी म्हणून नाही. त्यानं चष्मा लावला.

"हा नकाशा कुणी केला?"

"माझ्या आजोबांनी."

"आजोबांना सूर्य कुठं उगवतो ते माहीत होतं का?"

पाववाला खदखदून हसला. तेव्हा इलिआसनं त्याचा कागद हातात घेतला आणि त्याचंही हसू थांबवलं. मग काय, माणसं भोवती जमली. कुणी दोरी आणली. तीन महिन्यांनी पहिल्यांदाच इलिआसचं म्हणणं लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते, आणि कुणी उपग्रहाचं नावसुद्धा काढत नव्हतं. पोलिक्सेनीनं तीनदा बाही ओढली. पहिल्यांदा तो "दोन मिनिटं" म्हणाला, दुसऱ्यांदा "फक्त उत्तरेची बाजू राहिलीय," आणि तिसऱ्यांदा त्यानं नुसती बाही सोडवून घेतली.

दीड वाजता फादर फोतिसांचा टेम्पो धूळ उडवत आला. मागे काळ्या कपड्यांतल्या दहा-बारा म्हाताऱ्या छत्र्या उघडून बसल्या होत्या. त्या उतरून थेट चर्चच्या आत गेल्या. इलिआसनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, कारण तो दोरीचं एक टोक धरून एका काटेरी झुडपात उभा होता. पोलिक्सेनीनंही पाहिलं नाही, कारण ती कड्यावर उभी राहून जहाजाकडे बघत होती.

दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. फादरना लोकांनी चिठ्ठ्यांवर नावं लिहून दिली होती, जिवंतांची वेगळी, मेलेल्यांची वेगळी, आणि फादर एकही नाव गाळत नव्हते. ताट जड होतं. इलिआसचे डोळे फादरच्या मनगटावरच्या घड्याळावर होते. सव्वादोन. आई एक वाजल्यापासून दाराकडे बघत बसली असेल. जेवली नसेल. कुणी दार वाजवलं असेल तर श्वास रोखून बसली असेल. आणि आपली तीनची लाँच चुकली तर ती एकटी स्मिर्नाला जाईल आणि त्या खोलीत बिछान्यावर पाय वर घेऊन, दार बंद करून, काहीही न बघता परत येईल. वीस वर्षं वाट बघून. इलिआसला देवाची खरीखुरी आठवण झाली, आणि हातातल्या पावाची लाज वाटली.

'आमेन' म्हणताच त्यानं ताट शेळ्यावाल्याच्या हातात कोंबलं. पाववाला लगेच म्हणाला, "त्याच्या का?" तेव्हा इलिआसनं आयुष्यातला सर्वात जलद निर्णय दिला. "एक बाजू तू धर, एक तू. मध्यातून हद्द." दोघांनी धरलं. गावानं टाळ्या वाजवल्या. त्या ऐकायला इलिआस थांबला नाही. न जेवता निघालेल्या पाहुण्याला लोक मागून काय काय म्हणत होते, तेही त्यानं ऐकलं नाही. चारशे बारा पायऱ्या दोघं कशा उतरले ते त्यांनाच सांगता येणार नाही. दोन सत्तावन्नला ते लाँचमध्ये पडले. बसले नाहीत, पडलेच.

"फोटो काढलास?" पोलिक्सेनीनं धापा टाकत विचारलं.

इलिआसनं मान हलवली. फोटो राहूनच गेला होता.

"बरं झालं," ती म्हणाली.

जहाजाच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा बिछाना नीट घातलेला होता. उशाशी बाटली होती. आई नव्हती.

स्वागतकक्षातल्या मुलीनं संगणकात पाहिलं. "स्तामाता आजी बारा दहाला उतरल्या. अजून चढलेल्या नाहीत."

"एकट्या?" इलिआस म्हणाला. "त्या एकट्या बसमध्येसुद्धा चढत नाहीत."

खोल्या झाडणारी वासो तिथंच उभी होती. तीच बोलली. "मी दार वाजवलं, तर आतून विचारलं कोण. मी म्हटलं, आजी, मी झाडायला आलेय. मग उघडलं. मला म्हणाल्या, पोरी, घंटा कसली वाजतेय? मी सांगितलं, डोंगरावर आज संत इलिआसची जत्रा आहे. तर म्हणाल्या, माझा जावई भोळा आहे, त्याला कुणीतरी चुकीचं सांगितलंय, तिथं नुसते दगड आहेत म्हणून. आणि ओढणी बांधून निघाल्याच."

इलिआसचे कान तापले. भोळा हा शब्द त्याला एकतीस वर्षांत कुणी लावला नव्हता, आणि आज तो नको इतका लागला.

तीन दहा झाले होते. जहाज वीस मिनिटांनी सुटणार, स्मिर्नाला पोचणार, आणि आई इथंच राहणार. पुढच्या वर्षाचा भरवसा नाही असं डॉक्टर म्हणाले होते. पोलिक्सेनी जिन्याकडे पळत सुटलीसुद्धा.

खाली जहाजाच्या दाराशी रिकामी लाँच परत निघायच्या बेतात होती. दारावरच्या अधिकाऱ्यानं हात आडवा केला. "आता उतरलात तर परत घेता येणार नाही. स्वखुशीनं प्रवास सोडतोय असं लेखी द्यावं लागेल."

"द्या कागद," इलिआस म्हणाला. त्यानं दोघांच्या नावानं सही केली, तारीख घातली, वेळ घातली, आणि केवळ सवयीनं म्हणाला, "यावर क्रमांक टाका." अधिकाऱ्यानं क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि कागद वर नोंदीला पाठवला. आयुष्यभर इलिआसनं लोकांना ज्या पद्धतीनं अडवलं, ती पद्धत त्यानं या वेळी स्वतः व्यवस्थित पार पाडली.

लाँच अर्ध्या वाटेवर आली असेल, तोच समोरून मासेमारीची एक निळी होडी आली. होडीत फादर फोतिसांचा पुतण्या सुकाणू धरून उभा होता, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्चीवर, मांडीवर झाकलेलं भांडं घेऊन, स्तामाता ताठ बसल्या होत्या.

"आई," पोलिक्सेनी किंचाळली.

स्तामातांनी हात वर केला. "आत्ता निघालात होय? जा, जा, अजून जेवण आहे. फादरच्या टेम्पोत बसून वर गेले, मेणबत्ती लावलीय रे बाळा तुझ्या नावाची. ताट छान धरलंस. मी चर्चच्या खिडकीतून बघत होते, पण म्हटलं तू कामात आहेस."

होडी निघून गेली. लाँचवाल्यानं शक्य तितक्या लवकर लाँच वळवली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण ते जहाजापाशी पोचले तेव्हा दोन खलाशांनी स्तामातांना भांड्यासकट आत घेतलं होतं, आणि दारात तोच अधिकारी उभा होता.

"आम्हाला घ्या," इलिआस ओरडला. "चूक झाली."

"सही तुमचीच आहे ना?"

"आहे."

"मग नोंद झाली साहेब. क्रमांकही पडलाय." आणि त्यानं दार लावून घेतलं. त्याच्या जागी इलिआस असता तर त्यानंही लावलं असतं.

नांगर उचलल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं वरच्या कठड्याशी काळी ओढणी दिसली, आणि शेजारी वासो. आपण काय ऐकतोय हे आईला समजायला वेळ लागला. पोलिक्सेनी खालून ओरडून ओरडून सांगत होती, आम्ही राहिलो, तू एकटी आहेस, खोलीत जा, दार लाव.

"दार कशाला लावू?" आई वरून म्हणाली. "ही पोर येतेय म्हणते माझ्याबरोबर गल्ली शोधायला. तुम्ही राहा आरामात, माणसं चांगली आहेत. मी येते बघून."

जहाज हललं. पोलिक्सेनी लाँचच्या फळीवर बसली. ती रडत होती की हसत होती, हे अडतीस वर्षांच्या संसारानंतरही इलिआसला ओळखता येईना.

"कधी कुठं एकटी गेली नाही रे ती."

"आपण कधी जाऊ दिलं?" इलिआस म्हणाला. हे आपल्या तोंडून गेलं याचं त्यालाच नवल वाटलं.

वर स्तामातांनी ओढणी सोडून हातात घेतली होती आणि ती हलवत होत्या, अगदी सावकाश, निरोप द्यायला आलेल्या माणसांकडे बघून हलवतात तशी. बंदर सोडून जाणारं कुणी इतकं खूश इलिआसनं पाहिलं नव्हतं. तो लाँचमध्ये उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि सासूबाईंकडे फोन नाही हे पक्कं ठाऊक असूनही ओरडला, "आई, पोचल्यावर कळवा हो."